महागड्या इन-इअरसाठी केबल, टिप आणि बाकीचं सामान: पैसे कुठे घालावेत

तीस हजारांचे, पन्नास हजारांचे, लाखाचे इन-इअर (कानाच्या नळीत बसणारे इअरफोन) घेतले की लगेच नव्या केबलचा शोध सुरू होतो. तांबं, चांदी, सोन्याचा मुलामा, चार कोअर (म्हणजे चार तारांची), आठ कोअर, सोळा कोअर अशा केबलांची रांग लागलेली असते आणि एकेका केबलची किंमत इन-इअरच्या वर जाते. आमचं मत आधीच सांगून टाकतो. आवाजात सर्वांत मोठा फरक टिपने, म्हणजे कानात जाणाऱ्या सिलिकॉन किंवा फोमच्या टोपीने पडतो. केबल घेताना पहिल्यांदा कनेक्टर बघायचा, मग तारेची जाडी, मग ती अंगावर कशी बसते ते. धातू सर्वांत शेवटी. उदाहरणादाखल तीन इन-इअर घेतलेत, कारण तिघांच्या अडचणी वेगळ्या आहेत: शुअर एसई८४६, सेनहायझर आयई ६०० आणि मूनड्रॉप ब्लेसिंग ३.

टिपपासून सुरुवात करू. कानाची नळी पूर्ण बंद झाली नाही तर बेस गळतो, आणि त्यासाठी केसाएवढी फटही पुरते. हे तपासायला तबल्याचं चांगलं रेकॉर्डिंग लावा. डग्ग्यावर घिस्सा काढला की आवाज खालून वर सरकत जातो. सील नसेल तर थाप ऐकू येते, पण तो घुमारा येत नाही. पुष्कळ लोक ‘हा इन-इअर बेसला पातळ आहे’ असं म्हणतात तेव्हा दोष टिपच्या मापाचा असतो. बसवण्याची पद्धतही महत्त्वाची आहे: एका हाताने कान वरून धरून मागे-वर ओढा, दुसऱ्या हाताने इन-इअर किंचित फिरवत आत न्या आणि मग कान सोडा. डाव्या-उजव्या कानाची नळी सारखी असेलच असं नाही, त्यामुळे एका बाजूला एम आणि दुसऱ्या बाजूला एल टिप लागली तर बिनदिक्कत तशी लावा. २० ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) हळू वाजवून दोन्ही बाजू सारख्या भरतात का ते ऐकलं की दोन मिनिटांत निकाल लागतो.

दुसरी गोष्ट खोलीची. इन-इअर आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये अडकलेली हवा एका ठरावीक वारंवारितेला जोरात वाजते. मोजमापाच्या ७११ कपलरवर (कानाच्या नळीची नक्कल करणाऱ्या उपकरणावर) हे शिखर साधारण ८ किलोहर्ट्झला ठेवतात. टिप उथळ बसली की शिखर खाली येतं आणि गायकाचे ‘स’, ‘श’, ‘च’ टोचायला लागतात. खोल गेली की ते वर सरकतं आणि टोचणं बहुधा कमी होतं. ट्रेबल (वरचे, तीक्ष्ण सूर) टोचतो म्हणून तांब्याची ‘उबदार’ केबल शोधणाऱ्यांनी आधी एक माप लहान टिप थोडी आत घालून बघावी. टिपच्या तोंडाचं छिद्र नॉझलच्या (टिप जिच्यावर चढते त्या इन-इअरच्या नळीच्या) छिद्रापेक्षा अरुंद असेल तरी ट्रेबल दबतो. रुंद छिद्राच्या टिपने तो मोकळा होतो, कधी कधी जास्तच.

आता नावानिशी. जपानच्या फायनलची टाइप ई एसएसपासून एलएलपर्यंत पाच मापांत मिळते. दांडा (नॉझलवर चढणारा भाग) लवचीक, पाकळी (कानाला टेकणारा भाग) पातळ, ट्रेबलला थोडी आवर घालणारी. पहिला जास्तीचा सेट घ्यायचा तर आम्ही हीच सुचवू. तैवानच्या स्पिनफिटमध्ये दांडा आणि पाकळी यांच्यामध्ये एक मऊ सांधा असतो, त्यामुळे नॉझलचा कोन कानाच्या नळीशी जुळत नसला तरी पाकळी वळून बसते. चष्म्यामुळे किंवा कानाच्या ठेवणीमुळे इन-इअर तिरका राहतो त्यांना ही खरंच उपयोगी पडते. कोरियाच्या अझलाच्या सेडनाइअरफिटचा दांडा ताठ आणि लांब आहे. ती नॉझल कानापासून थोडं दूर ठेवते, म्हणून ज्यांच्या इन-इअरचं कवच कानाच्या खळग्यात दुखतं त्यांना तिने आराम मिळतो. तिच्यात एमएस आणि एमएल अशी मधली मापंही आहेत, आणि एम सैल पण एल घट्ट होणाऱ्यांसाठी हा एकच मुद्दा पुरेसा आहे. अझलाचीच झेलास्टेक अंगाच्या उष्णतेने मऊ होऊन चिकटते, सील अप्रतिम देते, पण धूळ आणि केस ओढून घेते. रोज धुवायची तयारी असेल तरच घ्या.

फोमच्या टिपमध्ये अमेरिकेची कम्प्लाय सर्वांना माहीत आहे. बाहेरचा गोंगाट ती सिलिकॉनपेक्षा चांगला थोपवते आणि लोकलच्या प्रवासात हे लगेच कळतं. बदल्यात ट्रेबल मऊ होतो आणि फोम घाम-मळ शोषून काही महिन्यांत कडक पडतो. दाबल्यावर हळूहळू फुगण्याऐवजी तो झटकन उसळायला लागला की समजावं, संपला. फोम धुऊन पुन्हा वापरायचा प्रयत्न करू नका. आत राहिलेली ओल थेट नॉझलच्या जाळीत जाते.

हे सगळं तिन्ही इन-इअरना सारखं लागू होत नाही. एसई८४६चं नॉझल फार बारीक, सुमारे ३ मिलिमीटर. नेहमीच्या टिप त्यावर सैल बसतात आणि इन-इअर काढताना टिप कानातच राहते. म्हणून कम्प्लायची १०० मालिका किंवा स्पिनफिटची सीपी८०० अशी बारीक नॉझलचीच टिप घ्यायची. ब्लेसिंग ३चं उलट: नॉझल जाड, त्यामुळे नेहमीपेक्षा एक माप लहान टिप लागण्याची शक्यता मोठी, आणि आखूड दांड्याची टिप चढवताना फाटते. आयई ६००ची गंमत टिपच्या आत आहे. कंपनीच्या सिलिकॉन टिपच्या छिद्रात फोमची छोटी चकती बसवलेली असते. ती मळ अडवते आणि वरचा ट्रेबलही थोडा गाळते. बाहेरची टिप लावली की ही चकती गेली आणि आवाज उजळला. बदल चांगला की वाईट हे ज्याचं त्याने ठरवावं, पण त्याचं श्रेय नव्या केबलला देऊ नये. टिप आणि केबल एकाच दिवशी बदलली तर नेमकं हेच होतं.

आता कनेक्टर. सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. मुख्य प्रकार दोन: ०.७८ मिलिमीटरची टू-पिन (दोन सुट्या पिनांची) आणि एमएमसीएक्स (गोल, ‘टक’ करून बसणारा). टू-पिनमध्ये ०.७५ची भावंडंही फिरतात, केझेडसारख्या कंपन्यांच्या स्वस्त इन-इअरमध्ये टोपीवाल्या सॉकेटसह. ०.७५च्या सॉकेटमध्ये ०.७८ची पिन जोर लावून घातली की जाते, पण सॉकेट कायमचं पसरतं आणि मूळ केबल नंतर सैल बसते. क्यूडीसी पद्धतीत सॉकेट कवचाबाहेर येतं आणि केबलच्या टोकाला त्यावर बसणारी टोपी असते. अशा इन-इअरला साधी टू-पिन लावली तर पिना उघड्या राहतात आणि पहिल्याच धक्क्याला वाकतात. खोलगट सॉकेट आणि सपाट सॉकेट हा फरकही फोटो मोठा करून बघावा, कारण खोलगटात जाणारा कनेक्टर सपाटावर अर्धा बाहेर राहतो. ब्लेसिंग ३ला साधी ०.७८ लागते, प्रश्न मिटला.

टू-पिन उलटी बसू शकते, हे लक्षात असू द्या. दोन्ही बाजू उलट्या बसल्या तर कानाला बहुधा काही कळत नाही. एकच बाजू उलटी झाली तर डावा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) पुढे येताना उजवा मागे जातो. बेस पोकळ होतो आणि गायकाचा आवाज मध्यभागी न राहता डोक्याभोवती पसरतो. एकाच माणसाच्या आवाजाचं मोनो रेकॉर्डिंग लावा. आवाज कपाळाच्या मध्ये ठामपणे उभा राहिला तर जोडणी बरोबर. नव्या केबलवर ही तपासणी पहिल्या पाच मिनिटांत करावी, कारण कारखान्यातही एका बाजूच्या तारा उलट जोडल्या जातात.

एमएमसीएक्स गोल फिरतो. वापरायला ते सोयीचं, पण झीजही त्यानेच होते. आतली बारीक पिन आणि तिच्याभोवतीची चिरलेली कडी यांचा संपर्क प्रत्येक फिरण्याने थोडा ढिला होतो. हा कनेक्टर मुळात रेडिओ-वारंवारितेच्या उपकरणांसाठी बनला आणि साधारण ५०० वेळा जोडण्या-काढण्याच्या हिशेबाने तो विकला जातो. म्हणजे दर आठवड्याला केबल बदलून ‘तुलना’ करणाऱ्यांनी टू-पिनचेच इन-इअर घ्यावेत. काढताना तार कधीच ओढू नका आणि कनेक्टर वाकडा करून उपसू नका. दोन्ही अंगठ्यांची नखं सांध्यात घालून सरळ रेषेत ढकला, किंवा फायनलचा एमएमसीएक्स असिस्ट नावाचा छोटा प्लास्टिकचा चिमटा वापरा. बसवताना ‘टक’ असा स्पष्ट आवाज आणि बोटाला झटका जाणवला पाहिजे. कनेक्टर फिरवल्यावर आवाज खरखरत असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बारीक काडीने दोन्ही भाग पुसून, वाळवून पुन्हा जोडा. तरी खरखर राहिली तर चिरलेली कडी सैल झालेली असते. केबलकडची असेल तर केबल बदलून सुटता. इन-इअरकडची असेल तर ते दुरुस्तीचं काम आहे.

आयई ६०० घेणाऱ्यांनी इथे खास थांबावं. त्याच्यावर एमएमसीएक्स लिहिलेलं असलं तरी सॉकेट कवचात खोल बसवलेलं आहे. बाजारातल्या बहुतेक एमएमसीएक्स केबलांच्या टोकाची धातूची नळी त्या खड्ड्यात मावत नाही. कनेक्टर अर्धवट टेकतो, आवाजही येतो, आणि मान वळवली की बंद पडतो. आयई ३०० आणि आयई ९००लाही हेच लागू. विकणाऱ्याने या मालिकेचं नाव घेऊन ‘बसते’ असं लिहिलं असेल तरच ती केबल घ्या. एटिमोटिकच्या ईआर४ मालिकेतही एमएमसीएक्स आहे, पण फिरू नये म्हणून त्याला खाचा दिल्यात. तिथेही हीच काळजी.

प्लगबद्दल थोडक्यात. नवीन केबल घ्यायची तर ४.४ मिलिमीटर प्लगची घ्या, आणि तिच्याबरोबर ४.४च्या सॉकेटचं ३.५च्या प्लगवर जाणारं आखूड अडॅप्टर. त्यामुळे केबल दोन्हीकडे चालते. २.५ मिलिमीटरचा प्लग आता सोडून द्यावा. त्याची मान इतकी बारीक असते की खिशातल्या दाबाने तो प्लेअरच्या सॉकेटमध्ये तुटून अडकतो. उलट दिशेचं अडॅप्टर, म्हणजे ३.५ची साधी केबल ४.४च्या बॅलन्स्ड आउटपुटवर चढवणारं, कधीही वापरू नका. साध्या प्लगमध्ये डाव्या-उजव्याची उणे टोकं एकत्र असतात. बॅलन्स्ड अँपमध्ये ती दोन्ही टोकं स्वतंत्रपणे चालवलेली असतात आणि एकत्र आली की शॉर्ट होऊन अँप जळू शकतो. असं अडॅप्टर सहज विकत मिळतं, म्हणून इतकं ठासून लिहिलं.

४.४वर आवाज ‘खुलतो’ असं खूप ऐकू येतं. बहुतेक उपकरणांत बॅलन्स्ड आउटपुटचा व्होल्टेज साध्याच्या दुप्पट असतो, म्हणजे त्याच आकड्यावर आवाज ६ डीबी मोठा. मोठा आवाज कानाला नेहमीच भरीव वाटतो. आवाज समान केल्याशिवाय केलेल्या तुलनेला अर्थ नाही. एक खरा फायदा मात्र आहे. स्वस्त केबलींमध्ये वायच्या सांध्यापासून (जिथे डाव्या-उजव्या तारा एकत्र येतात) प्लगपर्यंत दोन्ही बाजूंना मिळून एकच परतीची तार असते. त्या तारेचा रोध ०.२ ओम आणि इन-इअर १६ ओमचे धरले तर एका बाजूचा आवाज दुसरीकडे सुमारे ३८ डीबी खालच्या पातळीवर झिरपतो. प्लगपर्यंत चार स्वतंत्र तारा असल्या की हे टळतं, आणि चार तारा ३.५च्या चांगल्या केबलमध्येही असतात.

आता तो धातूचा वाद. १.२ मीटर केबलमध्ये विजेचा जाण्या-येण्याचा रस्ता २.४ मीटर होतो. २८ गेजच्या तांब्याला (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड) त्यात साधारण ०.५१ ओम रोध, २६ गेजला ०.३२, २४ गेजला ०.२०. तांब्याऐवजी चांदी घेतली तर २६ गेजचा रोध ०.३२चा ०.३० होतो. म्हणजे धातू बदलून ०.०२ ओम मिळतात आणि तार एक पायरी जाड करून ०.१२. आठ कोअरमध्ये प्रत्येक टोकाला दोन तारा समांतर येतात म्हणून रोध निम्मा. कोअर वाढवण्याचा आवाजाशी असलेला संबंध एवढाच. शुद्धतेचे ‘सहा नऊ, सात नऊ’ (म्हणजे ९९.९९९९ टक्के वगैरे) हे आकडे घरातल्या तापमानाला रोधात जाणवेल असा फरक करत नाहीत. ओसीसी हे जपानी प्राध्यापक अत्सुमी ओनो यांनी काढलेलं सलग ओतकामाचं तंत्र आहे. तार त्याने लांब स्फटिकांची होते, पण सव्वा मीटरमध्ये कानाला मिळण्यासारखं त्यात काही नाही.

मग केबलने आवाज बदलतो का? काही इन-इअरमध्ये बदलतो, आणि किती ते मोजता येतं. बॅलन्स्ड आर्मेचरच्या (हलत्या पत्रीच्या छोट्या ड्रायव्हरच्या) बहुड्रायव्हर इन-इअरचा इम्पीडन्स, म्हणजे आवाजाच्या विजेला होणारा एकूण विरोध, वारंवारितेनुसार खालीवर होतो. समजा एका ठिकाणी तो ८ ओम आणि दुसऱ्या ठिकाणी ४० आहे. केबलने अर्धा ओम वाढवला तर पहिल्या जागी आवाज ०.५३ डीबी उतरतो, दुसऱ्या जागी ०.११, फरक ०.४ डीबीचा. लक्ष देऊन ऐकणाऱ्याला तो जेमतेम लागतो. एसई८४६ १ किलोहर्ट्झला अवघ्या ९ ओमचा आहे, म्हणून त्याला जाड, कमी रोधाची केबल द्यावी. आयई ६०० एका डायनॅमिक (छोट्या स्पीकरसारख्या) ड्रायव्हरचा आहे, इम्पीडन्स जवळपास सपाट. तिथे केबल फक्त आवाजाची पातळी चिमूटभर हलवते. ६४ ऑडिओच्या यू१२टीमध्ये इम्पीडन्स मुद्दाम सपाट ठेवलाय, त्यालाही केबलचं सोयरसुतक नाही. पण हाच हिशेब अँपच्या बाजूने मांडा. आउटपुट इम्पीडन्स २ ओम असेल तर वरच्या उदाहरणात फरक दीड डीबी होतो. म्हणून एसई८४६वाल्याने केबलआधी डॉंगलचा (फोनला लावायच्या छोट्या अँपचा) हा आकडा बघावा आणि तो १ ओमच्या आत ठेवावा.

संवेदनशील इन-इअरवर शांत जागी ‘सूं’ असा आवाज येत असेल तर आयफायचा आयईमॅच उपयोगी पडतो. त्यात १२ आणि २४ डीबीने आवाज खाली आणायच्या दोन पायऱ्या आहेत. अँपचा व्हॉल्यूम वाढवता येतो आणि ‘सूं’ मागे पडतं. आधी अँपवर लो गेनचं बटण आहे का ते बघा, असेल तर हा खर्चही वाचतो.

रोजच्या वापरात केबलची परीक्षा अंगावर होते. आठ कोअरच्या जाड केबली फोटोत सुरेख दिसतात, पण चालताना कान खाली ओढतात आणि सील सुटतं. आमच्या मते २६ गेज चार कोअर हा बहुतेकांसाठी योग्य मध्य आहे. कापडाचं आवरण कॉलरवर घासलं की खरखर कानात येते. मऊ पीव्हीसीत ती कमी. कानामागच्या वळणासाठी आत तार असलेला हूक नको, चष्म्याच्या काडीशी तो भांडतो. उष्णतेने आकार दिलेली नळी बरी. वायच्या वरचा सरकता मणी सैल असेल तर त्याचा उपयोग शून्य. सुटे प्लग बदलता येणाऱ्या केबलमध्ये खाच जुळवून प्लग आधी सरळ दाबायचा आणि मग फक्त बाहेरची कडी फिरवायची. प्लगच फिरवला तर आतल्या पिना पिळवटतात.

पारदर्शक आवरणातलं तांबं हिरवं पडतं, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत, मानेच्या घामाने लवकर पडतं. आवाजाला त्याने काही होत नाही, पण डोळ्याला खुपतं आणि जुनी विकताना भाव पडतो. प्रत्येक तंतूवर लाखेचा पातळ थर असलेली लिट्झ तार किंवा गडद आवरण घेतलं की हा त्रास मिटतो. लिट्झची केबल तुटली तर साध्या सोल्डरिंग आयर्नने टाका धरत नाही, आधी तो थर जाळावा लागतो. दुरुस्तीवाल्याला हे आधी सांगा.

नॉझलची जाळी बुजली की एक बाजू हळू वाजते. केबलला दोष देण्याआधी केबलची डावी-उजवी टोकं अदलाबदल करा. दोष इन-इअरबरोबर राहिला तर जाळी, केबलबरोबर गेला तर केबल किंवा प्लेअर. जाळी साफ करताना नॉझल खाली धरून मऊ ब्रशने झाडा, टाचणी अजिबात नको. अल्कोहोल थेट जाळीवर सोडलं तर ते मळ विरघळवून आत नेतं. श्रवणयंत्रांच्या दुकानात मिळणारा ब्रश आणि ओलावा शोषणारी डबी इन-इअरला तंतोतंत चालतात आणि स्वस्त पडतात. पेलिकन १०१०सारख्या हवाबंद डब्या धक्क्यापासून उत्तम जपतात, पण घामाने ओला इन-इअर त्यात तसाच बंद केला तर ओल आतच कोंडते. आधी पुसून अर्धा तास उघड्यावर ठेवा, आणि डबीत सिलिका जेलची पुडी असू द्या.

केबल हातात आली की परतीची मुदत संपायच्या आत मल्टिमीटर लावा. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा आधी वजा करा, मग प्लगच्या प्रत्येक कड्यापासून त्याच्या पिनेपर्यंत रोध मोजा. २६ गेजला एका तारेत साधारण ०.१६ ओम अपेक्षित आहे. डावा-उजवा आकडा वेगळा येत असेल किंवा प्लगजवळ तार हलवल्यावर आकडा उड्या मारत असेल तर टाका कच्चा आहे, केबल परत पाठवा.